निगडीच्या माळावर एकसष्ट बायका

निगडी, प्राधिकरण
४ मे १९७८

ती. सौ. पद्माताईस धाकट्या शैलाचा वाकून नमस्कार. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? (आमच्याकडे जिनाच नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही.) तुझ्या पित्ताला कोकम चालू ठेव.

आता जरा बसून वाच. पाडव्याला भरल्या पंक्तीत तू म्हणालीस, त्या माळावर शैलीच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला दहा बायका जमल्या तर मला कळवा. मीही तावातावाने कबूल करून बसले, की दहा नाही जमल्या तर आम्ही बिऱ्हाड उचलून नारायण पेठेत तुमच्या खालच्या रिकाम्या खोलीत येऊ. (ह्यांनी लगेच मान डोलावली, ते मी विसरलेले नाही.) ताई, खरं सांगते, मी आतून घाबरले होते. चार महिने दुपारी बोलायला माणूस नव्हतं. पेठेत एका नळावर सात बिऱ्हाडं भांडायची. इथे घरात तीन नळ आणि भांडायला मी एकटी. धूळ इतकी, की पोळीवर तूप आधी पडतं की माती, सांगता येत नाही. पण हवा, उजेड, मोरीत हात पसरून अंघोळ! हे सोडून परत त्या खोलीत यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

म्हणून स्वतः उन्हात फिरून घरोघरी सांगून आले, मंगळवारी चार ते सहा. इथेच माझं पेठेचं डोकं चुकलं. मंगळवारी अकराला मी ओल्या केसांनी डाळ वाटतेय, गौर अजून फडताळात, आणि दारात बावीस बायका, कडेवर पोरं. सगळ्यांच्या पुढे दुर्गाबाई, आमच्या मागच्या घरांच्या ओळीतल्या. म्हणाल्या, "वैनी, रातपाळीची मानसं घरी झोपल्यात. पोरं गप बसत न्हाईत, म्हनून आमी आत्ताच आलो. चारला ती उठत्यात, मग त्यास्नी च्या कोन देनार?" त्यांनीच माझ्या हातातली डाळ घेऊन वाटली, दोघींनी गौर मांडली, एकीने माझी वेणीसुद्धा घातली. दोनला पहिल्या पाळीच्या घरच्या आल्या, कारण कारखान्याचा साडेतीनचा भोंगा झाला की त्यांचे मालक घरी. चारला, मालकांना कामावर धाडून, दुसऱ्या पाळीच्या आणि आम्हा ऑफिसवाल्यांच्या. साताऱ्याचे, बीडचे, चिपळूणचे उखाणे संध्याकाळी सातपर्यंत चालले होते. एकूण एकसष्ट! तुझ्याकडे गेल्या वर्षी एकोणीस होत्या, त्यातल्या चार घरच्या, आणि उरलेल्यांनी डाळीत साखर जास्त म्हणून नाकं मुरडली होती. इथे कोणी नाक मुरडलं नाही. सगळ्या गेल्यावर मी गौरीपुढे बसून आनंदाने रडले.

तुझी (जिंकलेली)
शैला

ता. क. खालच्या खोलीच्या मालकांना आजच सांग, आम्ही येत नाही. ह्यांनाही मी सांगितलंय.

ता. क. २. तू डाळीसाठी उसन्या दिलेल्या चोवीस स्टीलच्या वाट्यांबद्दल. पेठेत डाळ खाऊन वाटी खाली ठेवतात. इथे दुर्गाबाईंनी डाळीसकट वाटी पदराखाली घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बया! वैनींनी स्टील लुटलं!" परत ठेवा म्हणायला माझी जीभ रेटेना. पहिल्या चोवीस जणींना तुझ्या गेल्या, पुढच्यांना माझ्या, मग पळसाचे द्रोण.

ता. क. ३. प्रत्येक वाटीवर तुझं नाव कोरलेलं असल्यामुळे निगडीत चोवीस घरांत रोज पद्माबाईंची चौकशी होते. एवढ्या मोठ्या मनाची बाई एकदा बघायचीच, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तर रविवारी ये. येताना घरी उरलेल्या बारा वाट्या आण, द्रोणवाल्या रुसल्यात. नाव कोरलेल्याच आण. त्यांना तसल्याच हव्या आहेत.