दादा, तुझ्या पत्राचं दुसरं पान

तीर्थरूप दादा,

उद्या दसरा. सकाळी देवीच्या सजवलेल्या काठ्या, तरंगं, निघण्याआधी देवळाच्या अंगणात आपल्या घराण्याची रांग लागेल आणि तिथं मला बोलावं लागेल. चारचौघांत बोलण्याआधी तुला सांगावं, म्हणून लिहायला बसलो आहे.

तुला जाऊन पाच महिने झाले. तू दिल्लीला होतास तेव्हा महिन्याला एक पत्र लिहायचो. तू कोरगावला परत आलास आणि पत्रं थांबली. घर एक, ओसरी एक, पत्र कशाला? पण त्या ओसरीवर शेजारी बसून पाच वर्षं जे तुला सांगितलं नाही, ते आज कागदावर उतरवतो आहे. लिहायची सवय गेली आहे, अक्षर समजून घे.

काल देवळात मानकरी बसले होते. विषय तुझा मोहन. तू गेल्यावरचा हा पहिला दसरा, म्हणून तो दिल्लीहून रजा काढून आला आहे. आपली रीत तुला नव्यानं काय सांगू? घराण्याच्या थोरल्या शाखेतला वयानं सर्वांत थोरला पुढे उभा राहतो, सगळ्यांच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं तोच घालतो. बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे त्याच्या मागे. आणि बाप गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला मुलगा रांगेत जिथं उभा राहील, ती त्याची जन्माची जागा. पुढं त्याच्या मुलांचीही तीच.

मी म्हटलं, मोहन माझ्या मागे उभा राहील. थोरल्या भावाचा मुलगा आहे.

आपला चुलतभाऊ बाबल लगेच उठला. "तो कसो? त्येचो बापूस शेवटाक रवायचो. बापूस शेवटाक, तर झील पुढे कसो येतलो?"

"तो थोरला होता," मी म्हटलं.

"थोरलो होतो, पण नवो होतो. ह्या मी नाय म्हणूक. तूच सांगितलंस मां, हयच, ह्याच आंगणात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मोहन खांबाला टेकून उभा होता. त्याला आपली बोली पुरती कळत नाही, पण आपल्या बापाबद्दल काही चाललं आहे एवढं त्याला कळत होतं. शेवटी पुजारी म्हणाले, "वासू, उद्या सकाळी काय तां एकदाच सांग. तू सांगशीत तसा."

मी सांगेन, तसं! दादा, माझ्या शब्दाला केवढी किंमत आहे बघ. तीच आता माझ्या गळ्याशी आली आहे.

तू गाव सोडलंस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पोर्तुगिजांचं राज्य. तू आरोंद्याच्या बाजूनं खाडी उतरून सावंतवाडीला गेलास, तिथून पुढे दिल्ली. बाबा गेले तेव्हा हद्द बंद होती. तुला तार मिळाली, पण येता आलं नाही. तेव्हा मी अठरा वर्षांचा. धाकट्या आजोबांनी मला दंडाला धरून रांगेच्या पुढे नेलं आणि म्हणाले, "थोरलो हय नाय. तू घाल गाऱ्हाणा." मला गाऱ्हाणं येत नव्हतं. ते कानात सांगत होते, मी म्हणत होतो, आणि मागची रांग "होय महाराजा!" म्हणून मला उचलून धरत होती.

त्या दिवसापासून तू परत येईपर्यंत पंचवीस वर्षं. मी कोण, दादा? चार इयत्ता गावच्या शाळेत शिकलेला, भात आणि काजू करणारा माणूस. तालुक्याच्या कचेरीत गेलो तर शिपाईसुद्धा बाकावर बसवून ठेवतो. पण वर्षातला एक दिवस मी पहिला असायचो. त्या एका दिवसावर मी उरलेलं वर्ष काढायचो, हे तुला कधी कळलं होतं का?

आणि मग तू आलास. राज्यसभेच्या कचेरीतून निवृत्त होऊन, ट्रंक, वहिनी आणि एक खुर्ची घेऊन. ओसरीवर ती खुर्ची टाकून तू सगळ्यांना सांगायचास: तिथं सभासदांची वही तुझ्याकडे असायची. कोणी शपथ कधी घेतली, कितवी खेप, मध्ये खंड किती. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा निवृत्त होतो, नवे येतात, पण ती सभा कधी विसर्जित होत नाही. "आपल्या रांगेसारखी," तू म्हणायचास. गावानं तुझं नावच 'राज्यसभा' ठेवलं. सकाळी पोदेर पाव घेऊन आला की बायका ओरडायच्या, "गे, रांगेत रवा, राज्यसभा बघता!"

परतल्यावरच्या तुझ्या पहिल्याच दसऱ्याला, रांग लागताना, बाबलच म्हणाला होता, "दादा इलो मरे! वासू, आता तू बाजूक हो."

दादा, तो क्षण मी पाच वर्षं पुसायला बघतो आहे. तू पुढे आलास. हसत होतास. धोतर नवं होतं, मी ओळखलं की त्या दिवसासाठीच घेतलेलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, तुझ्याच वहीप्रमाणे तू नवा."

मी थांबलो नाही. तुझं एक जुनं पत्र मी तोंडपाठ सांगितलं. एक वृद्ध सभासद सहा वर्षं बाहेर राहून पुन्हा निवडून आले. सभागृहात त्यांना अगदी शेवटच्या ओळीत जागा मिळाली. काठी टेकत ते तुझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी विचारलं, "बाबूजी, अब मैं नया हो गया?" आणि तू उत्तर दिलंस, "हो, आजच्या शपथेपुरते तुम्ही नवे."

"हे तूच लिहिलंस ना?" मी विचारलं.

तू माझ्याकडे बघितलंस. मला तरंगांच्या काठीवरच्या घुंगरांचा आवाज आठवतो, बाकी काही नाही. मग तू म्हणालास, "होय. लिवलंय मी." आणि चालत रांगेच्या शेवटाला गेलास. बाबलच्या मुलांच्याही मागे. काल-परवा मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मागे माझा साठीला आलेला भाऊ उभा राहिला!

त्या वर्षी गाऱ्हाणं मीच घातलं. प्रत्येक वाक्याला रांग "होय महाराजा!" म्हणायची आणि सगळ्यांचं म्हणून झालं की मागून एकट्याचा आवाज यायचा, एक क्षण उशिरा. "होय महाराजा." पुढची चारही वर्षं तसंच. लोकांना वाटायचं, तुला दिल्लीत राहून सवय राहिली नाही. मला प्रत्येक वेळी वाटायचं, तू मला काही विचारतो आहेस.

गोवा घटक राज्य झालं ते दिवस आठवतात? तू खडूनं देवळाच्या पायरीवर अर्धगोल काढलास, ओळींमागून ओळी. "आता राज्यसभेत आपलाही एक माणूस बसणार!" केवढा आनंद तुझ्या चेहऱ्यावर! कोणी विचारलं, "खय बसतलो तो?" तू शेवटच्या ओळीत एक ठिपका दिलास. "हय. नवां राज्य, नवो माणूस." त्यावर बाबल म्हणाला, "म्हणजे तुज्याच बाजूक!" सगळं अंगण हसलं. तूही हसलास, पोट धरून. मी मात्र पाणी प्यायला म्हणून विहिरीकडे गेलो.

भाषेच्या वादात आपण दोघांनी किती ओरडाआरडा केला! दिल्लीत जन्म काढून तू कोकणीच्या बाजूचा आणि गाव न सोडलेला मी मराठीच्या. वहिनी म्हणायच्या, "भांडतात मात्र दोघे एकाच भाषेत." त्या वादात तू मला एका शब्दानं सोडलं नाहीस. मग रांगेच्या बाबतीतच गप्प का राहिलास? ओरडायचं होतंस! मला बकोटीला धरायचं होतंस! थोरला होतास ना?

कारण त्या पत्राला दुसरं पान होतं, दादा.

तुझी सगळी पत्रं देवघराच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात आहेत. काल संध्याकाळी देवळातून आलो, हातपाय धुतले, दिवा लावला आणि ते पत्र काढलं. पहिलं पान 'तुम्ही नवे' इथं संपतं. दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस:

'मग मी वही उलटून त्यांच्या नावासमोरचा मागचा रकाना दाखवला. त्यांच्या आधीच्या दोन्ही खेपा तिथं तशाच होत्या. म्हटलं, साहेब, बसायची जागा रिकामी असेल तिथं मिळते, पण केलेली वर्षं कोणी पुसत नाही. आमच्या यादीत तुम्ही वरच आहात. वासू, ते म्हातारे गृहस्थ किती वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून उभे होते!'

आता खरं सांगतो. हे दुसरं पान मला काल सापडलं नाही. ते मला त्या दिवशी, अंगणात उभा असतानाच, आठवत होतं. शब्द ओठापर्यंत आले होते आणि मी तोंड मिटलं. देवीच्या दारात मी अर्धं पत्र सांगितलं.

आणि तुला तर पुरतं ठाऊक होतं! ते पत्र लिहिलं होतंसच तू. मी काय गिळलं ते तू माझ्या तोंडावर बघितलंस आणि "होय" म्हणालास. का? माझी गावासमोर शोभा होऊ नये म्हणून? का माझी पंचवीस वर्षं तुझ्या मागच्या रकान्यात तू कधीच लिहून ठेवली होतीस? मी हे विचारायचं कितीदा ठरवलं. ओसरीवर तू खुर्चीत, मी पायरीवर. तोंड उघडायचो आणि विचारायचो, "चहा घेतलास?"

तुझे अखेरचे दिवस म्हापशाच्या इस्पितळात गेले. मी पेज भरवत होतो. तू म्हणालास, "मोहनाक रांग दाखय." कुठं, ते बोलला नाहीस. मी म्हटलं, "दाखयतलंय." तू डोळे मिटलेस. दादा, त्या वेळी खोलीत आपण दोघेच होतो. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं ना? मी चमचा धुवायला गेलो.

बाबलवर राग धरू नकोस. तो लबाड नाही. त्यानं माझा शब्द खरा मानला, एवढंच. मोहननं मघाशी विचारलं, "काका, बाबा शेवटी उभे राहायचे, तर मीही तिथंच राहतो. त्यात काय?" किती सहज म्हणाला! अगदी तुझ्यासारखा. त्याला कळत नाही, की तो तिथं एकदा उभा राहिला, की माझं खोटं त्याच्या पोरा-नातवंडांपर्यंत जाईल.

घरात वर्षभर सण नाही, तरी वहिनी झेंडूची फुलं ओवून देवळात पाठवत आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनाही उद्याच कळेल, बायकांच्या घोळक्यात उभ्या असताना. त्या माझ्याकडे कसं बघतील, ही भीती मला मानकऱ्यांपेक्षा जास्त आहे.

दादा, तुला शब्द देतो. उद्या रांग लागण्याआधी मी तुझी दोन्ही पानं वाचून दाखवीन. बाबल विचारेल, "पाच वरसां खय होता ह्यां पान?" मी सांगेन, माझ्याकडे होतं, मला आठवत होतं. मग मोहनचा हात धरून त्याला त्याच्या जागी उभा करीन. पुढे कोणीही असो, त्याच्या लगेच मागे. गाऱ्हाण्यात वाडवडिलांची नावं येतात, तिथं बाबांच्या पाठोपाठ तुझं नाव घ्यायला सांगेन.

मला पुढे राहू देतील का, माहीत नाही. देवीसमोर अर्धं बोललेल्या माणसानं गाऱ्हाणं घालावं का, हे मानकरी ठरवतील आणि त्यांनी नको म्हटलं तर मी वाद घालणार नाही. ठेवलं, तर दर वाक्याला रांगेचं म्हणून झालं की एक क्षण थांबेन, तुझ्यासाठी. आणि हटवलं, तर चालत रांगेच्या शेवटाला जाईन. ती जागा आता रिकामी आहे. तिथं उभा राहून सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एक क्षण उशिरा, मी म्हणेन, "होय महाराजा."

तुझा धाकटा,
वासू