बिघडलेली नव्हे, भोळी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी रामघाटावरच्या आपल्या मराठी बायका मला अजून ‘त्यांची ती भोळी मुलगी’ म्हणूनच ओळखतात. ही ओळख तू मला दिलीस.

शेजारच्या मुलाबरोबर पळाले तेव्हा मी सोळाची होते, वर्गात पहिली येणारी. मोगलसराय स्टेशनावर पोलिसांनी आम्हाला गाडीतून उतरवलं. त्याला त्याच्या काकांनी त्याच दिवशी सोडवून नेलं. मला मुलींच्या सुधारगृहात ठेवलं. तू भेटायला आलीस ती डोक्यावरून पदर ओढून, आणि पहारेकरणीला कळू नये म्हणून मराठीत हळूच म्हणालीस, “उद्या विद्यापीठातल्या बाई बुद्धी तपासायला येणारेत. सगळं चुकीचं सांग. भोळी ठरलीस तर लोक म्हणतील, पोरीला फसवलं. हुशार ठरलीस तर म्हणतील, बिघडलेली आहे.” मी कशी आहे, हे तू विचारलं नाहीस.

बाई समोर बसल्या आहेत. मध्ये रंगीत ठोकळे, चित्रं. गाय आणि म्हैस यांच्यात सारखं काय, असं त्या हिंदीत विचारतात. मी म्हणते, कुछ नहीं. आकडे उलटे म्हणायला सांगतात. मी मध्येच थांबते. शेवटी पेन्सिल खाली ठेवून त्या विचारतात, “बेटी, किसी ने सिखाया है?” आवाज इतका मऊ, की मला रडू येतं. मी नाही म्हणते. त्या पुन्हा पेन्सिल उचलतात.

मंदबुद्धी ठरले आणि घरी आले. वाटलं, नाटक संपलं. शाळेचा विषय काढला तर तू म्हणालीस, भोळी पोर पहिली आली तर आपल्याला तोंड दाखवायला जागा उरेल का? माझी पुस्तकं धाकट्याला मिळाली. तो गणितं चुकायचा, मी पोळ्या लाटता लाटता बघायची. पाहुण्यांना तू सांगायचीस, हिला फारसं कळत नाही, हळू बोला. पुढे हेच सांगून मला एका बिजवराच्या पदरात टाकलंस.

शेवटच्या आजारात एकदा माझा हात धरून तू विचारलंस, “तुला खरंच येत होती का गं तेव्हा उत्तरं?” मी म्हटलं, हो, सगळी. लहान मुलाची समजूत काढावी तशी तू हसलीस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. हल्ली कुणी साधा प्रश्न विचारला तरी मी गप्प बसते. उत्तर तोंडाशी आलेलं असतं, पण ते बरोबर असेल असं आता मलाच वाटत नाही.