मधला स्पीकर

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. हे दोन शब्द सवयीने लिहिले आहेत, फार अर्थ काढू नकोस. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि ठेवून देतेस, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच ठेवलास तरी उरलेलं त्यावर राहतं.

विषय एकच. बाबा गेल्यावर मी आणि तुझी वहिनी आईकडे राहायला आलो, तेव्हा थिएटरच्या खोलीतलं सगळं सामान आईजवळच राहील असं ठरलं. तू मान हलवली होतीस. पडदा, प्रोजेक्टर, प्लेअर, पाच स्पीकर, ॲम्प्लिफायर सगळं जागेवर आहे. ॲम्प्लिफायरचा रिमोट नाही. लांब, काळा, एक कोपरा उडालेला. त्या दिवसांत घरातून पिशव्या नेणारी तू एकटी होतीस. चोरी हा शब्द मला वापरायचा नव्हता, पण वर्षभर शोधूनही दुसरा सापडला नाही.

रिमोटशिवाय ॲम्प्लिफायरला एकच गोल खुंटी आहे, एकूण आवाजाची. गाड्या, दारं, वाजंत्री धडाधड येतात आणि माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी बोलतात. बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि तो वेगळा वाढवायला रिमोट लागतो. आईच्या कानांचं तुला माहीत आहे. बाबा शेजारी बसून कोण काय म्हणालं ते तिला सांगायचे. आता ती मला विचारते, तर मलाही धड ऐकू येत नाही. दुपारी चष्म्याचं दुकान बंद करून मी येतो, तेव्हा ती पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेली असते. पडद्यावर माणसं तोंडं हलवत असतात.

म्हणून सगळ्या उपकरणांना मिळून चालणारा एकच रिमोट आणलाय. तीन पाहिले. एक मोबाईलवरून चालतो. आई मोबाईल उलटा धरते. दुसऱ्याला नुसती काच, बोटाला बटण लागतच नाही. हा तिसरा जाडजूड, बटणं उठावदार. पुस्तिकेतून कंपनीचा आकडा टाकला की उपकरण ऐकायला लागतं. प्रोजेक्टर ऐकतो, प्लेअर ऐकतो. ॲम्प्लिफायरची कंपनी केव्हाच बुडाली, तिचा आकडा कुठे नाही. तेवढ्यापुरतं नव्याला जुन्याकडूनच शिकावं लागतं. तो पाठवून दे.

लोभ नसला तरी चालेल, रिमोट असावा.

दादा

---

९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. साष्टांगात अंगं आठ असतात. त्यातली सात आज कामात आहेत. वि. वि. खाली आहे.

तो रिमोट बाबांच्या पायजम्याच्या खिशातून ॲम्ब्युलन्समध्ये चढला. दवाखान्यातून मला एक पिशवी मिळाली. चष्मा, कंगवा, एका पायातली चप्पल आणि तो रिमोट. तुला मिळाली नाही, कारण तू तिथे नव्हतास. तू दुकानात फ्रेमा मोजत होतास. वॉर्डातल्या टीव्हीवर बाबा तो रोखून धरायचे आणि काही झालं नाही की सेल संपले म्हणायचे. मी सेल बदलायची. पुन्हा रोखायचे. नर्सना हसू यायचं. तू असतास तर तुलाही आलं असतं, कारण ज्या गोष्टीत तुला काही करायचं नसतं तिथे तू हसतोस.

ठरलं ते खोलीतल्या सामानाचं. रिमोट खोलीत नव्हता. शब्द तुझेच आहेत, आता गिळ.

तो मी पाठवणार नाही. तुझा नवा इकडे पाठव. मी दिवसभर कारखान्यात नव्या बायकांना शिलाई मशीन शिकवते. एका प्लास्टिकच्या तुकड्याला शिकवणं जमेल. दोघांची तोंडं समोरासमोर ठेवायची, मध्ये वीतभर अंतर. नव्याचं बटण दाबायचं, मग जुन्याचं. दिवा लुकलुकला की शिकला. मी वाचलंय सगळं.

वहिनीला नमस्कार. तो खरा आहे. आईला मी विचारलंय म्हणून सांग. मोठ्यानं सांग.

बारकी

---

१५ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद मागच्या पत्रातलेच वापर, ते अजून नवे असतील.

कुरियरनं रिमोट पाठवतोय. नाइलाज आहे. आई आता त्या खोलीत जायलाच तयार नाही. नुसती चित्रं बघून डोकं दुखतं म्हणते आणि स्वयंपाकघरात खिडकीशी बसते. वहिनी बोलत राहते, ती मान हलवते. कशाला हलवली विचारलं तर सांगता येत नाही.

सगळी बटणं शिकव. विशेषतः मधल्या स्पीकरची दोन, वाढवायचं आणि कमी करायचं. त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. मेहुण्यांना हात लावू देऊ नकोस. आईचा मिक्सर त्यांनी उघडून पाहिला होता. तो अजून उघडाच आहे. आणि दवाखान्याचं एकदा ऐकवलंस, ठीक. दर पत्रात ऐकवणार असशील तर टपालखर्च वाचव.

उत्तर नको, रिमोट हवा.

दादा

---

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज पूर्ण लिहिलंय, कारण काम पूर्ण केलंय.

जेवणाच्या टेबलावर दोन्ही रिमोट समोरासमोर मांडले. यांना बाहेर पाठवलं. जाताना, भांडण तुमचं आणि घराबाहेर मी, असं पुटपुटले, पण गेले. सगळी बटणं पटापट शिकून झाली, अडलं फक्त तुझ्या त्या दोन बटणांशी. ती शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींवरच्या खुणा पार पुसल्यात. वाढवायचं कुठलं, कमी करायचं कुठलं, कळायला मार्ग नाही. पण एक नुसतंच मळलंय, आणि दुसऱ्यात अंगठा बसेल एवढा खड्डा पडलाय. रबर झिजून आतलं काळं दिसतं. बाबा रोज आईसाठी बोलणं वाढवत असणार, दुसरं काय? म्हणून झिजलेलं ते वाढवायचं, असं धरून शिकवलं.

त्या खड्ड्यात माझा अंगठा बरोबर बसला. हे तुझ्यासाठी लिहीत नाहीये. कुणालातरी लिहायला हवं म्हणून.

आता तरी आईला ऐकू येऊ दे. तिनं काय ऐकलं ते कळव. तुझं मत कळवू नकोस.

बारकी

---

२७ फेब्रुवारी

बारकीस,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

रिमोट आला. ॲम्प्लिफायर लावला, पडद्यावर स्पीकरांची यादी उघडली. चार स्पीकर बरोबर मध्यावर आणि मधला पार तळाला. मी काहीही दाबलं नव्हतं. पुस्तिकेत पाहिलं तर तिथे लिहिलंय की रिमोटनं बंद केलं की सगळे आवाज आपोआप मध्यावर येतात; भिंतीवरून वीज तोडली तर होते तिथेच राहतात. मी वर्षभर भिंतीवरूनच तोडतोय. म्हणजे बाबांच्या घरातल्या शेवटच्या संध्याकाळपासून ते तसंच आहे. यंत्र बिघडलं असेल म्हणून मी तू शिकवलेल्या रिमोटनं बंद करून पुन्हा लावलं. मधला स्पीकर मध्यावर आला.

आईला आणून बसवलं. सिनेमात कुणीतरी विनोद केला आणि ती हसली. माझ्या आधी हसली. वहिनी हातातलं टाकून बघायला आली. मला वाटलं, आणखी थोडं वाढवावं. वाढवायचं बटण दाबलं, आणि बोलणं खाली जायला लागलं. मी आणखी दाबलं. सगळं बुडालं. आईनं कानात बोट घालून हलवलं. मग म्हणाली की आता कान पुरतेच गेले, बारकीला कळवू नकोस. उठून आत गेली. अजून दार लोटलेलं आहे.

तू बटणं उलटी शिकवलीस. माझ्यावरचा राग म्हाताऱ्या बाईच्या कानांवर काढलास. चोर म्हटल्याचं मला वाईट वाटायला लागलं होतं. आता वाटत नाही.

दादा

---

४ मार्च

दादा,

मी मुद्दाम काही उलटं केलं नाही. पुन्हा वाच. झिजलेलं बटण मी वाढवायचं म्हणून शिकवलं. ते कमी करायचं निघालं.

बाबांनी रोज कमी करायचं. रिमोटनं बंद केलं की आवाज जागेवर यायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी करायचं. खड्डा पडेपर्यंत. शेवटच्या संध्याकाळचं तूच पडद्यावर पाहिलंस.

आपण सुट्टीला गेलो की त्या खोलीत सगळं स्वच्छ ऐकू यायचं, आठवतं? आईलाही यायचं. तुम्ही आलात की मला जरा बरं ऐकू येतं, असं ती म्हणायची. आपल्याला ती माया वाटायची. बाबा तेव्हा गप्प बसलेले असायचे, त्यांना सांगायला काही उरायचं नाही.

तू ते पडद्यावर डोळ्यांनी बघून बिघाड म्हणालास, आणि मग मला दोष दिलास. चष्मे तू इतरांना विकतोस.

आईला सांगू नकोस. पत्र फाडून टाक. एवढं तरी कर.

तुझी चोर

---

११ मार्च

चि. दादा आणि चि. बारकी,

आशीर्वाद दोघांना सारखे. मोजून घ्या, नाहीतर त्यावरूनही भांडाल. एकाच मजकुराची दोन पत्रं लिहिली आहेत.

दादा पत्रं टेबलावर उघडी टाकतो. फाडायचं पत्रसुद्धा. तुम्ही मला बहिरी धरलीत, आता आंधळी धरू नका.

सूनबाईला घेऊन कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, मग कागदामागे तोंड लपवून हळू आवाजात शब्द म्हटले. मी ते परत म्हणून दाखवले. वयाच्या मानानं कान चांगले आहेत म्हणाल्या. इतकी वर्षं दाखवले का नाहीत, असं विचारलं. काय सांगणार? दाखवू या म्हटलं की तुमचे बाबा म्हणायचे, कशाला, मी आहे ना. दाराची घंटा मला ऐकू येते मग बोलणं का येत नाही, असं विचारलं, तर कान असेच जातात म्हणाले. मी पटवून घेतलं, आणि समोर कुणी बोललं तरी ऐकायचं सोडून नुसती मान हलवायला लागले. चारचौघांत जाणं सोडलं. फोन तेच उचलायचे. माझी बहीण तिकडून बोलायची, हे इकडून बोलायचे, आणि मी यांच्या तोंडाकडे बघत बसायची. बहीण गेली. शेवटी ती मला काय म्हणाली, ते मला यांच्याच शब्दांत माहीत आहे.

कोण काय म्हणालं ते मी त्यांना विचारावं, हे त्यांना आवडायचं. तेवढ्यासाठी केलं. प्रेम होतं, असं मला दोघांपैकी कुणी समजावायला येऊ नका. मला राग आलाय आणि तो मला हवा आहे.

बारकी, जुना रिमोट तुझ्याकडे ठेव. या घरात नको. नव्यानं त्या दोन बटणांचं शिकलेलं मी दादाला पुसायला लावलं. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. आहे तेवढं मला पुरतं. आता एक बटण दाबलं की पडदा, प्लेअर, सगळं लागतं. ते माझं मी दाबते.

काल दुपारी एकटीनं बसून त्यांच्या आवडीचा तो सिनेमा लावला. तुम्हाला आठवेल, शेवटी बाई पेटी घेऊन बोटीच्या शिडीपाशी उभी असते, नवरा धावत येतो, आणि ती त्याला काहीतरी म्हणून वर चढते. कितीदा पाहिला असेल आम्ही. दर वेळी मी विचारलं काय म्हणाली, आणि दर वेळी त्यांनी सांगितलं की लवकर परत येते म्हणाली. मला वाटायचं, मग तो रडतो कशाला.

ती तसं म्हणत नाही. मी परत येणार नाही, आणि माझा पत्ता कुणाला विचारत फिरू नकोस, असं म्हणते. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तेच म्हणते.

रविवारी सकाळी मी बारकीला फोन लावणार आहे. दादा शेजारी बसेल. फोन मध्येच कुणी ठेवायचा नाही, आणि कोण काय म्हणालं ते मला कुणी सांगायचं नाही. लोभ असेल तर तेव्हा तोंडानं सांगा. मला ऐकू येतं.

आई