‘पुरे’ म्हणायचं नाही

४ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे तबेल्याच्या दारात स्टूल टाकून मोठ्याने वाचलं. सगळी घोडी, अगदी आपली म्हातारी घोडी मावशीसुद्धा, कान टवकारून ऐकत होती. तुझ्या घरात तुझं इतकं कुणी ऐकून घेत असेल असं मला वाटत नाही.

हंगाम सुरू झाला. ओढ्याकाठी तंबू उभे राहिले, पण या वेळी खुंट्या ठोकता ठोकताच माझ्या नाकी नऊ आले. स्वतःची घोडी ट्रकमध्ये घालून आणणारी मंडळी आली आहेत, आपल्या घोड्यांवर बसणारी आली आहेत, आणि नुसते फोटो काढणारीही आली आहेत. सकाळी खरारा, चंदी, खोगिरं. मग जंगलातल्या पायवाटांवर फेरी. परत आलं की पुन्हा खरारा, खूर साफ करणं, पाणी. संध्याकाळी शेकोटीपाशी मंडळी म्हणतात, किती छान आयुष्य आहे हो तुमचं. मी हो म्हणते आणि बसल्या जागी डुलक्या घेते.

आचाऱ्याने जेवणाच्या तंबूतली पाटी नव्याने रंगवली आहे: ‘नको असेल तर हात आडवा करा, तोंडाने सांगू नका.’ लोकांना वाटतं आमचं काहीतरी मौनव्रत आहे. आता प्रत्येकाला कुठे सांगत बसू, की आमच्या बाबांनी घोड्यांना ‘थांब’ऐवजी ‘पुरे’ शिकवलं म्हणून! त्यांचंही खरं होतं म्हणा. जंगलात माणसं ऊठसूट एकमेकांना थांब थांब म्हणून ओरडतात, घोड्यांनी थांबायचं तरी किती वेळा? जंगलात आलेला माणूस पुरे कशाला म्हणेल, असा त्यांचा हिशेब. हाच माणूस पुढे जेवायलाही बसणार, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. कुणी भाताला पुरे म्हटलं की बाहेर बांधलेली घोडी चघळायची थांबतात, आणि ‘चला हो’ ऐकल्याशिवाय हलत नाहीत. अर्धपोटी राहतात बिचारी.

मावशीला मात्र चघळणंच जड जातंय. गवत तोंडात घोळवते आणि ओला गोळा करून टाकून देते. बरगड्या दिसायला लागल्यात. तरी सकाळी खोगीर दिसलं की रांगेत सगळ्यांत पुढे जाऊन उभी. तू जगाला कवळ्या करून देतोस, घरच्या म्हातारीला एक करून दे की. माप हवं असेल तर पाठवते, चावून घ्यायची तयारी ठेव.

शहरातल्या घोडेस्वारीच्या शाळेचे मास्तर पुन्हा येऊन गेले. कॅम्प चालवायला घ्यायला तयार आहेत. हंगाम संपायच्या आत हो की नाही ते सांगा म्हणाले. चहा पाजून वाटेला लावलं. परवा रिकिबीतून माझा पाय निसटला, थोडं खरचटलं. विशेष काही नाही.

दोघांना आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून येत राहू दे.
तुझी,
ताई


१६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीच्या कवळीची ऑर्डर मिळाली. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवली. हसून हसून त्यांच्या हातातला आरसा पडला. तिची कवळी मला झेपणारी नाही, पण तिचं दुखणं ओळखीचं आहे. दाढा झिजून गुळगुळीत झाल्या असणार. तिला सुकं गवत देऊच नकोस. चंदी भिजवून, लापशीसारखी मऊ करून दे. आमच्याकडे येणाऱ्या आजोबांनाही मी हेच सांगतो, ते मात्र माझ्यावर दातओठ खातात. म्हणजे माझेच दात आणि त्यांचे ओठ.

इथे काम फार आहे. दिवसभर प्लास्टर कालवायचं, मेणात दात बसवायचे, कवळी घासायची. नाकातोंडात पांढरी पूड जाते. एका बाईंची कवळी कितव्यांदा तरी परत आली. बसते नीट, दुखत नाही, पण आरशात हसू परकं दिसतं म्हणाल्या. आता यावर मी काय घासू? घरी येतो तेव्हा बोलायचंही त्राण नसतं. ही ताट समोर ठेवते आणि मी मुकाट्याने हात आडवा करतो. ही म्हणते, तुमच्या घराण्यात माणसांना घोड्यांबरोबर वाढवलंय.

आता रिकिबीचं बोलू. शेवटच्या ओळीत तू जे लिहितेस तेच मी आधी वाचतो, हे तुला ठाऊक असायला हवं. पाय कुठला निसटला? डावा असेल तर तो खुब्यामुळे. हाडांच्या डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढायला सांगितला होता, तो काढलास का? घोड्यावर बसायचं बंद करा असं त्यांनी दाताच्या कण्या करून सांगितलं होतं. त्या दिवशी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी होतो. तू मान डोलावलीस आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, चांगले आहेत डॉक्टर, पण फार बोलतात.

मास्तरांना हो म्हण. मागची खोली आम्ही रिकामी केली आहे. खिडकीतून समोरची गच्ची आणि तिच्यावरच्या कबुतरांखेरीज काही दिसत नाही, पण ऊन चांगलं येतं. तुझं घोडं नेमकं कुठे अडलंय तेवढं कळव.

हिचा नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा,
टिल्लू


९ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

भिजवलेली चंदी मावशीला मानवली. बादली चाटूनपुसून साफ करते आणि मग माझ्या बाहीला तोंड पुसते. तुझी फी म्हणून ती बाही पाठवून देऊ का?

इथे एक गंमत झाली. एक जोडपं आलं होतं. तंबूत शिरल्यापासून त्यांचं जे सुरू होतं ते फेरीवरही थांबेना. नवऱ्याचं म्हणणं उजवीकडची वाट चांगली, बायकोचं म्हणणं तुम्हाला काय कळतंय. ऐन उतारावर बाई कडाडल्या, आता पुरे झालं हं तुमचं! झालं. मावशी जागच्या जागी खिळली, मागची सगळी रांग खिळली, आणि बाई घोड्याच्या मानेवरून अलगद घसरून झुडपात जाऊन बसल्या. लागलं काहीच नाही. नवरा मात्र इतका हसला की त्यांचं भांडण तिथेच मिटलं.

मी मावशीवर बसूनच हुकूम सोडत होते, यांना पाणी द्या, त्यांना हात द्या. मंडळींना वाटलं, काय रुबाब आहे बाईंचा! खरं सांगायचं तर मला उतरताच येईना. खुबा असा धरला होता की पाय पलीकडे टाकणंच जमेना. तशीच कॅम्पपर्यंत आले आणि आचाऱ्याने उचलून खाली घेतलं. त्याच्या हाताला कणीक होती, ती माझ्या पाठीवर उमटली. दोघंही हसलो.

मास्तरांचं म्हणशील तर मी तुझं काय घोडं मारलंय की तू सारखा तेच काढतोस? घोडं अडलंय ते मावशीपाशी. मास्तरांची शाळा आहे. काम न करता खाणारं जनावर ते कशाला ठेवतील? पहिल्याच आठवड्यात तिला कुठेतरी धाडतील. आणि घोड्यांना बाबांचा शब्द सोडायला लावून शिट्टीवर थांबायला शिकवतील. ती रांगेत पुढे उभी राहते तोवर मीही उभी राहणार. दमले आहे, नाही म्हणत नाही. सकाळी बूट घालायचे म्हटलं तरी आधी बराच वेळ बुटांकडे बघत बसते. पण दमलं म्हणून कुणी घर सोडतं का?

काळजी करू नकोस. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद. कबुतरांनाही.
तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

धाकट्या मालकांस,
सा. न. वि. वि.

मी कॅम्पचा आचारी. तुम्ही लहान असल्यापासून मला ओळखता म्हणून लिहितो. ताईंना हे पत्र माहीत नाही, कळलं तर माझी धडगत नाही.

ताईंना आता खोगीर उचलत नाही. त्या उठायच्या आत मीच सगळ्या घोड्यांवर खोगिरं चढवून ठेवतो. त्या येतात, पट्टे तपासतात आणि मंडळींना म्हणतात, मी सगळी तयारी करून ठेवली आहे. मी काही बोलत नाही, त्याही बोलत नाहीत. असं हंगाम लागल्यापासून चाललंय.

गेल्या आठवड्यात दुपारी मंडळी ओढ्यावर गेली होती. मावशी एकसारखी खिंकाळायला लागली. ती कधी विनाकारण ओरडत नाही, म्हणून हातातलं टाकून गेलो. ताई कुंपणाशी पडल्या होत्या. खुबा धरला होता आणि उठता येत नव्हतं. किती वेळ पडल्या होत्या ते सांगत नाहीत. मला म्हणाल्या, जरा आकाश बघत होते.

मी समजावलं तर म्हणतात, तू तुझा भात बघ. तुमचंच ऐकतील तर ऐकतील. माझं नाव कृपा करून काढू नका. मोठ्यांना नमस्कार, लहानांना गोड बोलणं.

आपला,
आचारी


२ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रात गमती नाहीत, त्या पुढल्या वेळी भरून काढीन.

मी काल मास्तरांना भेटून आलो. तुला न विचारता गेलो, हे आधीच सांगतो. त्यांच्या शाळेमागच्या कुरणात एक पांढरा म्हातारा घोडा नुसता ऊन खात उभा होता. त्याच्यावर कोण बसतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, आता कुणी नाही, त्याचं माणसांना बसवून झालं. मग मी मावशीचं काढलं. मास्तर माझ्यावरच उखडले. तिला धाडून द्यायला आम्ही काय खाटीक आहोत का, असं विचारलं. ती तिच्याच ठाणावर राहील, आचारी चंदी भिजवून देईल, तिच्या पाठीवर पुन्हा खोगीर चढणार नाही, असं कबूल केलं. आणि बाबांच्या शब्दाचंही विचारून घेतलं. ते म्हणाले, तो शब्द मी बदलणार नाही. पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला बसलो, तेव्हा आमटीला तोच शब्द म्हणून बाहेर केवढा सन्नाटा पसरवला होता तो मला आठवतो.

तेव्हा तुझं घोडं जिथे अडलं होतं तिथून ते निघालं आहे. आता दुसरं काही पुढे करू नकोस. मी चिडलेलो नाही, घाबरलो आहे. इथे मी लोकांचे जबडे बघतो. तोंड मिटून दुखणं गिळणारी माणसं मला नुसत्या गालावरून ओळखू येतात. तू समोर नाहीस, तरी तुझ्या पत्रातल्या हसण्यावरून मला तेच दिसतं. एक दिवस कुणीतरी तुला जंगलातून उचलून आणेल आणि तू त्याचीही मला गंमत करून लिहिशील. किंवा लिहायला तू नसशील. ही गंमत मला वाचायची नाही.

बाबा गेल्यावर तू पायवाटा धरल्यास, मला शिकायला पाठवलंस, घोडी सांभाळलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला हसतमुखाने खोगिरावर बसवलंस. तुला कुणी कधी बस म्हटलं नाही, कारण आपल्या घरात बाबांचा तो शब्द माणसांसाठी नव्हताच. मी आजवर ताटावरसुद्धा तो उच्चारलेला नाही. आज पहिल्यांदा लिहितो आणि तुझ्यासाठी लिहितो.

ताई, पुरे.

खोलीतल्या खिडकीला पडदा लावला आहे. लोभ आहे म्हणूनच एवढं बोललो.
तुझा,
टिल्लू


११ डिसेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

शहाण्या, एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि मी पत्र कुठे वाचते तेवढं विसरलास!

दुपारी मंडळी फेरीवरून परतली होती. घोड्यांपुढे गवत पडलं होतं, मावशीपुढे तिची बादली होती. मी स्टूल टाकून बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. मास्तरांशी परस्पर बोललास म्हणून आधी तुला चार शिव्या हासडल्या, मग पांढऱ्या घोड्याचं वाचून मावशीला म्हटलं, ऐक बाई, तुझी सोय झाली. पुढचं नेटाने वाचत गेले आणि त्या शब्दावर आले. तो आला तसा मोठ्याने वाचला.

सगळी घोडी चघळायची थांबली. मावशीने बादलीतून तोंड वर काढलं, हनुवटीवरून चंदी गळत होती, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. अशा वेळी माझ्या तोंडून लगेच ‘चला हो’ निघतं. इतक्या वर्षांची सवय आहे. या वेळी निघेना. पत्र मांडीवर ठेवून मी तशीच बसून राहिले. तबेला इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने लक्षात आलं, की थांबलेल्यांमध्ये मीही आहे. मग खूप रडले. खुबा दुखतो म्हणून नाही. थांबल्यावर इतकं बरं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं म्हणून.

आचारी हातात पळी घेऊन धावत आला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, तुला कुणी लिहिलं ते. त्याला म्हटलं, उद्यापासून खोगिरं तुझी तूच चढव, उगाच लपूनछपून कशाला? तो लाजून पळीकडे बघत राहिला.

मास्तरांना हो कळवलं आहे. हंगाम त्यांची माणसं पुरा करतील. मावशीच्या पाठीवरचं खोगीर मी आजच आचाऱ्याच्या मदतीने उतरवून खुंटीला टांगलं. ती खुंटीकडे बघत उभी होती. मग माझ्या बाहीला तोंड पुसून सावलीत जाऊन आडवी झाली. दिवसाउजेडी तिला आडवी झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढल्या रविवारी न्यायला ये. माझं सामान थोडं आहे. एक्स-रे तिकडेच काढू, त्या फार बोलणाऱ्या डॉक्टरांकडे. सुट्ट्यांना मला इथे आणून सोडायचं आणि मावशीपाशी बसू द्यायचं, ही माझी अट. बायकोला सांग, जेवताना तुझ्या ताटावर मी लक्ष ठेवीन. तिकडे घोडी नाहीत, तेव्हा तोंडाने सांगायला शिक.

दोघांना आशीर्वाद. माया आजवर कागदावर होती, आता शेजारच्या खोलीत असेल. जपून वापरा.
तुझी,
ताई

ता. क. घोड्यांना शेवटी ‘चला हो’ म्हणून मोकळं केलं. नाहीतर बिचारी तशीच ताटकळत राहिली असती. मला मात्र तू ते म्हणू नकोस.