गणवेशाची निरवानिरव

मी खाली सही करणार, धंद्याने शिंपी, वृत्तीने पंडित, अविवाहित, पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभा आणि तो ओलांडण्याची शक्यता डॉक्टरांनी नाकारलेली असा इसम, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझ्या फुप्फुसांनी राजीनामा दिला असला तरी बुद्धी अद्याप सेवेत आहे. मजवर कोणाचेही दडपण नाही. ज्येष्ठ बंधूंनी ते आणण्याचे सायास केले. ते निष्फळ ठरले.

कलम पहिले. दुकान, मागची खोली, दोन्ही शिलाई यंत्रे व जी काही शिल्लक असेल ती मी माझ्या दिवंगत बहीण-मेहुण्यांच्या मुलीस देत आहे. तिला घरात ठिणगी म्हणतात. वय वर्षे सोळा. तिला सहा महिन्यांची कन्या आहे. या वाक्यावर कोणास उसासा टाकायचा असल्यास आत्ताच टाकावा; पुढे सवड मिळणार नाही.

कलम दुसरे, यात देणे काही नाही, केवळ हकिगत आहे. शाळेचे गणवेश दरवर्षी मीच शिवतो. गतवर्षी ठिणगीचे माप घेताना माझा हात थबकला.

"मामा, माप चुकलं का?"

"नाही गं. टेप म्हातारी झालीय, आखडते."

ती हसली नाही. मीही विनोद आवरता घेतला.

शासनाचे परिपत्रक सुस्पष्ट आहे: गर्भवती विद्यार्थिनीस शाळेतून काढू नये. मुख्याध्यापिकाबाई नियमांच्या परम उपासक. त्या म्हणाल्या, "आम्ही कुठे काढतोय तिला? गणवेश बसत नाही, एवढंच. नीट बसला की येऊ दे." शिवणीच्या आत आम्ही जादा कापड ठेवतो, त्यास धंद्यात माया म्हणतात, ती मी उसवून मोकळी केली. गणवेश बसला. तेव्हा त्यांस घेर नमुन्याबाहेर वाटला. मी चुण्या फिरवल्या. तिसऱ्या खेपेस ठिणगीनेच माझ्या हातची सुई काढून घेतली.

"राहू दे मामा. तू कितीही उसव. माझ्या बाकावर कुणी बसतच नाही आता."

बाळाचा बाप त्याच शाळेतला; त्या मुलाचा गणवेशही माझ्याच हातचा. तो त्यास उत्तम बसतो. चिरंजीव वरच्या वर्गात गेले. त्यांस मी काही देत नाही, त्यांचे काही गेलेलेच नाही.

कलम तिसरे. ज्येष्ठ बंधूंस माझ्याकडील त्यांचा कोट. दादांचे मत असे की, "लग्न लावून टाक, लोकांची तोंडं बंद होतील." वयाचे काय, असे विचारता म्हणाले, "वय काय रे, लिहू तेवढं." सदर कोट मी वर्षानुवर्षे सैल करीत आलो आहे. बंधुवर्यांचे उदर अखंड वर्धिष्णू असून त्यापायी त्यांस कोणत्याही कचेरीने घरी पाठवलेले नाही, ही बाब त्यांनी कोट घालताना स्मरावी.

कलम चौथे. टाके उसवायचे माझे छोटे हत्यार शाळेच्या विज्ञान शिक्षकांस. मानवी शरीराविषयीचा जो पाठ ते दरवर्षी पिना मारून बंद करतात, त्या पिना याने सहज निघतात. मी ठिणगीच्या पुस्तकावर प्रयोग करून पाहिला आहे. उशीर झाला होता.

कलम पाचवे, व याचसाठी हा सारा खटाटोप. माझ्या पश्चात ठिणगी दादांच्या ताब्यात जाईल, आणि शाळेऐवजी बोहल्यावर. म्हणून ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी आरोग्य केंद्रातील परिचारिकाताईंस नेमतो. या त्याच. ठिणगी दिवस जाऊ नयेत म्हणून काळजी कशी घ्यावी हे विचारण्यास, वेळेवर, त्यांच्याकडे गेली होती. त्यांनी "आईला घेऊन ये, सही लागते" म्हणून परत पाठवले. पुढे ताई स्वतःच्या कोटाची गुंडी लावून घ्यायला आल्या.

"मास्तर, नियमच तसा होता हो."

"जिला आई नाही तिने काय करावं, हे असेल ना त्यात लिहिलेलं?"

"नाही."

गुंडी लावून झाली तरी त्या उठेनात. शेवटी म्हणाल्या, "माझ्याजोगं काही असलं तर सांगा."

तर ताई, हे आहे. शाळा उघडेल त्या दिवशी तिच्यासोबत जावे, आणि जिथे आईची सही मागतील तिथे आपली करावी.

कलम अखेरचे. कपाटात नवा गणवेश आहे. रंग, लांबी, चुण्या, सर्व नमुन्याबरहुकूम. बाईंनी खुशाल टेप लावावी. छातीवरच्या चुणीआड दोन चिरा ठेवल्या आहेत, बाळास पाजण्यासाठी. त्या मिटल्या म्हणजे दिसत नाहीत. शिवणींत भरपूर जादा कापड सोडले आहे. मुलगी अजून वाढत्या वयाची आहे. एवढ्या गदारोळात कोणाच्या ते ध्यानात राहिलेले दिसत नाही. पुढे सैल करण्यास मी नसेन. उसवायचे कुठून ते खडूने आतून खुणावले आहे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, खोकलो व सही केली.

स्थळ: दुकानामागची खोली.
दिनांक: शाळा उघडण्याआधीचा सोमवार.

सही: शिंपी, ठिणगीचा मामा

साक्षीदार पहिला: शेजारचा घड्याळजी. मास्तर शुद्धीवर होते, थट्टाही करीत होते.

साक्षीदार दुसरी: आरोग्य केंद्रातील परिचारिका. पालक म्हणूनही सही केली आहे.