मी नीटनेटकी केलेली नळी

तीर्थरूप ताईस साष्टांग नमस्कार (पोटाला टाके पडल्यामुळे तूर्त उभ्यानेच घालतो, गोड मानून घे). तुझ्या गुडघ्यांना आता उतार असेल. माझ्या तब्येतीची चौकशी तू केलेली नाहीस, तरी सविस्तर कळवतो.

हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, टाके सुकले, आणि आता त्याच जागी संत्र्याएवढा फुगा आला आहे. बोटाने दाबला की आत पाणी डुचमळतं. डॉक्टर म्हणतात, जखमेखाली अंगातलंच पाणी साठलंय, गुरुवारी सुई घालून काढून टाकू. तसंच राहून पू झाला तर जाळी काढायला पुन्हा पोट उघडावं लागेल. हे सगळं ते पेनाचं टोपण चावत सांगतात. (त्यांच्या खोलीतल्या बेसिनचा नळ ठिबकतो, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. ज्याला स्वतःच्या नळाचं पाणी थांबवता येत नाही, तो माझं काय थांबवणार?)

निचऱ्यातलं मला कोणी शिकवू नये. तीस वर्षं मी लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करत आलो. ऑपरेशननंतर यांनी माझ्या पोटातून एक नळी बाहेर काढून तिला बाटली लावली आणि मला घरी पाठवलं. काम म्हणशील तर अगदी गचाळ. हातभर नळी नुसती लोंबकळतेय, ना आधार, ना क्लिप. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याला दारातूनच परत पाठवला असता. मी दुसऱ्या दिवशी जादा नळीची घडी घातली, सुतळीने करकचून बांधली आणि बनियनखाली बसवली. बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही असं काम. त्याच दिवसापासून पाणी बंद. रोज किती येतं ते वहीत लिहायचं होतं, मी तीन दिवस ऐटीत शून्य लिहिलं. वही बघून डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी नळी काढली. (दवाखान्यात जाण्याआधी सुतळी मी सोडून ठेवली होती, आपली कारागिरी परक्याला कशाला दाखवायची?)

आणि आठवड्याभरात हा फुगा. चूक कोणाची ते तूच ठरव. पोटाला पट्टा बांधा म्हणाले होते, तो मी बांधत नाही, माणूस पोत्यासारखा दिसतो. तुझी भावजय म्हणते, "तुंबवलंत तुम्हीच." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला पाइपातलं अजून काडीचं कळत नाही. गुरुवारी मी काही जाणार नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी घरातली रबरी नळी तशीच घडी घालून, बांधून, नळाला लावून पाहिली. थेंब आला नाही. हे भावजयीला कळवू नकोस.

आणखी एक. फुगा सकाळपासून मोठा वाटतोय आणि मला भीती वाटते, ताई. गुरुवारी दहा वाजता तू माझ्याबरोबर चल. सुतळीचं डॉक्टरांना तूच सांग, माझ्या तोंडून निघायचं नाही. आणि घरी आल्यावर म्हण, हा नको नको म्हणत होता, मीच ओढून नेला.