दारुड्याची खुर्ची

मंगळवार, १४ तारीख
जेवणाची सुट्टी, रंगाच्या डब्यावर बसून

बाबा,

गुडघा कसा आहे? तेल लावताय की नुसतीच बाटली न्याहाळताय? मी मजेत. म्हणजे जेवतेय, झोपतेय. अंगाला मात्र शिळ्या चहाचा वास येतो, साबणानेही जात नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत, कलादिग्दर्शक व्हायला नेमकं शिकतेस काय? तर ऐका. नव्या वस्तूंची वाट लावायला. कोऱ्या पडद्यांवर चहाचं पाणी शिंपडायचं, टेबलाला साखळीने ठोकायचं, भिंतीवर तेलकट हात फिरवायचे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे वीस वर्षं कुणीतरी राहिलंय. सध्या सिनेमातल्या एका दारुड्याची खोली करतोय. शी! कपातली बुरशीसुद्धा मीच केली, पिठाची. मास्तरांना, म्हणजे आमच्या कलादिग्दर्शकांना, ती इतकी आवडली की बोट घालून वास घेतला.

आम्ही तिघं शिकाऊ. कायम एकालाच ठेवणार होते. मी राहिले, बाबा. लगेच पेढे वाटू नका, पुढचं वाचा.

शुक्रवारी दारुड्याची खुर्ची आलीच नाही. शूटिंग तासाभरावर. मी धावत खोलीवर गेले आणि आपली उचलून आणली. हो, तीच. तुम्ही मला अभ्यासाला केलेली.

मास्तरांनी गदागदा हलवली. "काय सांधे आहेत! दारुड्याला शोभत नाही. मार हिला."

मारली. साखळीने. मग पॉलिशपेपरने तिचे दोन्ही हात खरवडले.

मग म्हणाले, सीनमध्ये तो लाथेने खुर्ची पाडतो, खालची बाजू दाखव. उलटी केली. खाली तुमच्या पेन्सिलीची मापं, आणि त्याखाली ते.

मास्तरांनी मोठ्याने वाचलं, "चिमे, ताठ बस." सगळे फिदीफिदी हसले. "कोण ही चिमी? दारुड्याची बायको?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "भंगारातून उचललीय."

"घासून टाक मग."

घासलं, बाबा. एक अक्षर ठेवलं नाही. वर चहाचं पाणी फिरवलं. मास्तर म्हणाले, "नजर आहे पोरीला!" संध्याकाळी माझं नक्की झालं.

मास्तरांना बिचाऱ्यांना काय माहीत. किळस येते ती माझ्याच हातांची. घासणं इतकं छान जमलं या हातांना. आत्ता याच हातांनी डबा खाल्ला, तर घास फिरत राहिला तोंडात.

रविवारी खुर्ची घेऊन येतेय. शेजाऱ्यांना बोलावून सिनेमातली खुर्ची म्हणून मिरवू नका. पॉलिशही काढून ठेवू नका. पेन्सिल तेवढी कानावर असू द्या. लिहायचं की नाही, ते खुर्ची उलटी करून बघितल्यावर ठरवा.

पोक काढून बसलेली,
चिमी